आखाड्यातील बोट आणि दवाखान्यातील सुई

अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले राहाता हे गाव पेरूच्या बागांसाठी आणि शिर्डीच्या शेजारासाठी सर्वत्र ओळखले जाते. परंतु या गावाभोवतीच्या टापूला, म्हणजे शिर्डी, पुणतांबा, लोणी या आजच्या राहाता तालुक्यातील गावांना, आणखी एक इतिहास आहे, आणि तो कुस्तीने शिणलेल्या व दुखावलेल्या अंगांचा व त्यांवरील उपचारांचा आहे. हा इतिहास सलग असा कोठे लिहिलेला आढळत नाही, कारण ज्यांनी हे उपचार केले त्या वस्तादांचा, मालिश करणाऱ्यांचा आणि हाडवैद्यांचा लिहिण्याशी संबंध नव्हता, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना पैलवानाच्या दुखऱ्या खांद्याची नोंद करावीशी वाटली नाही. आज याच तालुक्यात फिजिओथेरपीचे, म्हणजे व्यायाम, हस्तोपचार व अन्य भौतिक साधनांनी करावयाच्या उपचारांचे, पदवी शिक्षण दिले जाते, आणि दुखावलेल्या खेळाडूंसाठी ‘ड्राय नीडलिंग’ ही सुईची पद्धत त्या शास्त्राच्या क्षेत्रात रूढ झाली आहे. ती पद्धत परदेशातून आली हे खरे असले, तरी तिला ज्या कौशल्याचा आधार लागतो ते, म्हणजे दुखऱ्या स्नायूतील नेमकी गाठ बोटाने शोधण्याचे कौशल्य, या मातीला अनोळखी नव्हते.

या टापूतील कुस्तीचा सर्वांत परिचित लिखित पुरावा एका भक्तिग्रंथात सापडतो, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त शिर्डीतील मोहिद्दीन तांबोळी नावाच्या गृहस्थाबरोबर साईबाबांची कुस्ती झाली, तीत बाबा हरले, आणि त्यानंतर त्यांनी आपला पेहराव बदलून कफनी व लंगोट धारण केला, असे वृत्त आले आहे. त्याच प्रकरणात पुणतांब्याचे गंगागीर महाराज यांनाही कुस्तीचा नाद होता, आणि कुस्ती खेळत असतानाच त्यांना वैराग्य आले, असे सांगितले आहे. भक्तांच्या दृष्टीने या दोन्ही कथांचे मर्म वैराग्यात आहे. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यांतून वेगळी माहिती मिळते, ती अशी की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीकाठच्या या लहान गावांत कुस्ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तांबोळ्यापासून साधूपर्यंत कोणीही मातीत उतरू शकत असे. जेथे कुस्ती आहे तेथे निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे आणि धरलेल्या पाठी असणारच, आणि त्यांच्यावर उपचार करणारे हातही गावातच असणार.

हे हात प्रामुख्याने तालमीत घडले. तालमीचा हौद, म्हणजे कुस्तीसाठी खणून मऊ मातीने भरलेला चौकोन, हाच मुळी दुखापत टाळण्याचा पहिला उपाय होता, कारण त्या लाल मातीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद आणि कापूर मिसळून ती वारंवार खोऱ्याने उकरली जाई, त्यामुळे पाडलेल्या गड्याचे अंग कठीण भुईवर न आपटता मातीत रुते, आणि हळदीमुळे खरचटलेली जागा चिघळत नाही अशी समजूत होती. जोर-बैठका आणि लढती आटोपल्या की पठ्ठे एकमेकांचे अंग रगडत, आणि या रगडण्यातच शरीराचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाई. मालिश करणारा अंगठा मानेच्या मुळापासून खांद्याकडे सरकत असताना एखाद्या ठिकाणी अडखळतो, तेथे त्याला तारेसारखा ताठ पट्टा आणि त्या पट्ट्यात हरभऱ्याएवढी गाठ लागते, ती दाबली की पैलवान दचकतो आणि दुखणे दाबल्या जागी न राहता कानामागे किंवा दंडात उतरल्याचे सांगतो. मग वस्ताद त्याच गाठीवर अंगठा रोवून, कळ ओसरेपर्यंत न हलवता, धरून ठेवतो. या क्रियेला तालमीत शास्त्रीय नाव नव्हते. गाठ फोडणे, शीर मोकळी करणे असे शब्द वापरले जात, आणि त्या शब्दांतील ‘शीर’ ही रक्तवाहिनी नसून ताठरलेला स्नायूच असे.

दुखण्यांच्या मराठी नावांकडे पाहिले, तर या लोकज्ञानाची बारकाई ध्यानात येते. लचक, मुरगळ, चमक, उसण, मुका मार, कळ, ठणका हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत: सांध्याला अचानक हिसका बसून येते ती लचक, कातडी न फुटता आतून ठेचले जाते तो मुका मार, आणि पाठीचा किंवा बरगडीजवळचा स्नायू एकाएकी आखडून श्वास घेणेही जड जाते ती उसण. उसण भरली असता पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना पायांकडून बाहेर आलेल्या माणसाने, पाठीला पाय लावावा म्हणजे ती उतरते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर होती. पायाळूपणाचा आणि स्नायूचा काही संबंध नाही हे उघड आहे. तथापि आखडलेल्या पाठीवर अचानक आलेला दाब आणि त्याबरोबर दुखणेकऱ्याच्या मनातून निघून जाणारी धास्ती, या दोहोंचा काहीच परिणाम होत नसेल असे म्हणणेही घाईचे ठरेल. मुक्या मारावर आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटी उगाळून कोमट लेप, सुजेवर निर्गुडीच्या पाल्याचा शेक, मोडलेल्या हाडावर बांबूच्या कामट्यांची बांधणी, साचलेले रक्त काढण्यासाठी तुंबडी किंवा जळू, आणि काहीच लागू पडले नाही तर तापल्या लोखंडाचा डाग, अशी उपचारांची चढती श्रेणी होती. त्यांतील तुंबडी आज बहुतेकांना केवळ पैसे उकळण्याच्या वाक्प्रचारातून ठाऊक आहे.

या परंपरेचा एक मोठा प्रतिनिधी महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात, होऊन गेला. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रमुख राजरत्न प्रा. माणिकराव हे व्यायामशिक्षक म्हणून जितके मान्यता पावले तितकेच हाडवैद्य म्हणूनही नावाजले गेले, आणि व्यायाम शिकवणारा व दुखापत बरी करणारा हे दोघे एकच असले पाहिजेत ही तालमीची दृष्टी त्यांच्या रूपाने संस्थेच्या पातळीवर पोहोचली. याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली मराठीतील दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या वस्तादांच्या वाट्याला असे कोशकार आले नाहीत, म्हणून राहात्याभोवतीच्या तालमींतील उपचार त्या त्या वस्तादाबरोबर संपले. ही हानी खरोखर मोठी आहे.

सुईच्या उपचाराचे मूळ थेट सुश्रुतसंहितेत आहे असे अलीकडे अनेकदा ठासून सांगितले जाते, त्याचा येथे विचार करणे आवश्यक आहे. सुश्रुताने १०७ मर्मे, म्हणजे आघात झाला असता गंभीर परिणाम करणारी शरीरातील स्थाने, वर्णन केली, सिरावेध म्हणजे शीर टोचून रक्त काढण्याचा विधी सांगितला, आणि शस्त्रांच्या यादीत सूचीचा, म्हणजे सुईचा, समावेश केला. परंतु मर्मस्थानी शस्त्र लागू नये हा त्या वर्णनाचा उद्देश आहे, आणि सिरावेधात रक्त बाहेर काढणे अभिप्रेत आहे. ताठर स्नायूत बारीक सुई घालून काहीही न काढता व काहीही न घालता ती परत ओढून घेणे, ही कल्पना या दोहोंहून वेगळी आहे. शब्दसाम्यही फसवे आहे, कारण सुश्रुताने ९०० स्नायू आणि ५०० पेशी सांगितल्या आहेत, आणि त्याचा ‘स्नायू’ म्हणजे बंध व कंडरा यांसारखी दोरखंडी रचना असून आज मराठीत ज्याला स्नायू म्हणतात त्याला तो ‘पेशी’ म्हणतो. प्राचीन ग्रंथाचे मोठेपण त्यात जे आहे त्यावरूनच ठरावे. जे नाही ते त्यात घातल्याने ते वाढत नाही.

ड्राय नीडलिंगचा खरा वंशवृक्ष विसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकात सापडतो. त्याआधी १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी आपल्या प्रसिद्ध वैद्यक ग्रंथात कंबरेच्या तीव्र दुखण्यावर दुखऱ्या स्नायूतच सुया टोचण्याची शिफारस केली होती, आणि त्यासाठी स्त्रियांच्या टोपीच्या निर्जंतुक केलेल्या सुयाही चालतील असे म्हटले होते. पण ती शिफारस पुढे विस्मरणात गेली. १९३८ मध्ये लंडनमध्ये जोनास केलग्रेन यांनी स्नायूंत तीव्र मिठाचे पाणी टोचून असे दाखवले की एका स्नायूत निर्माण केलेली वेदना भलत्याच ठिकाणी जाणवू शकते, म्हणजे वस्तादाच्या अंगठ्याखाली दचकणारा पैलवान कानामागे कळ गेल्याचे सांगतो तेव्हा तो कल्पना करत नसतो. अमेरिकेतील डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा गाठींना रूढ झालेले ‘ट्रिगर पॉइंट’, म्हणजे कळ उठवणारा बिंदू, हे नाव वैद्यकात स्थिर केले, सेमूर रिंझलर यांच्यासह १९५२ मध्ये कोणत्या स्नायूची कळ कोठे उतरते याचे नकाशे प्रसिद्ध केले, आणि १९६१ पासून राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य म्हणून त्या व्हाइट हाउसमध्येही दाखल झाल्या. त्या मात्र गाठीत प्रोकेन हे बधिरता आणणारे औषध टोचत असत. म्हणजे त्यांची सुई ओली होती.

सुई कोरडी झाली ती प्राग येथील कारेल लेव्हित यांच्या लेखामुळे. १९७९ मध्ये त्यांनी २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवरील अनुभव मांडला आणि म्हटले की औषध न घालता केवळ सुई नेमक्या बिंदूवर लागली तरी जवळजवळ ८७ टक्के वेळा वेदना तत्काळ शमते. त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्याची मोठी उणीव होती. परंतु गुण औषधाचा की टोचण्याचा हा प्रश्न त्याने सर्वांपुढे ठेवला, आणि औषध वाहून नेण्याचे काम उरले नाही म्हणून पोकळ सुईची जागा हळूहळू भरीव, केसासारख्या बारीक सुईने घेतली. कोरडी सुई हे नाव त्या औषधाच्या अभावाचे आहे.

प्रत्यक्ष उपचार पाहिला असता त्यातील वेळेचा फार थोडा भाग सुईचा असतो. खांद्याच्या वरच्या भागात कळ असलेल्या मल्लाला पालथे निजवून उपचारक प्रथम मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू बोटांच्या चिमटीत उचलून लाटल्यासारखा फिरवतो, ताठ पट्टा आणि त्यातील गाठ सापडली की ‘हीच का ती कळ’ असे विचारतो, आणि होकार आल्यावर, चिमूट न सोडता, कातडी पुसून प्लास्टिकच्या लहान नळीतून सुमारे पाव ते तीसशतांश मिलिमीटर जाडीची सुई एका टिचकीने आत सरकवतो. सुई गाठीवर पोहोचली की स्नायू आपोआप क्षणभर फडफडतो; या फडफडीला स्थानिक उचकी म्हणता येईल, आणि नेम बरोबर बसल्याची ती खूण आहे असे पुष्कळ उपचारक मानतात. गाठीत स्नायूतंतू सतत आकसलेले राहतात, त्यामुळे तेथील रक्तप्रवाह रोडावतो, वेदना जागवणारी द्रव्ये साचतात आणि त्या द्रव्यांमुळे तंतू आणखी आकसतात, हे चक्र सुईमुळे तुटते, अशी यामागची उपपत्ती आहे. सुई काढून कापसाचा बोळा दाबून धरला की काम संपते, आणि पुढे एखाददोन दिवस तो भाग जोर काढल्यासारखा ठणकतो.

याच सुईचा दुसरा प्रवाह चीनमधून आला आणि त्यात महाराष्ट्राचे नाव गुंतलेले आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते; कोटणीस तेथेच १९४२ मध्ये निवर्तले, तर त्यांचे सहकारी, बंगालचे डॉ. बिजॉयकुमार बसू, पुढे पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये ती विद्या त्यांनी कोलकात्यात आणली. अॅक्युपंक्चर ही चिनी पद्धत शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते असे मानून त्या मार्गांवरील नेमलेल्या बिंदूंवर सुया लावते, आणि ड्राय नीडलिंग करणारे मात्र ते मार्ग न मानता जेथे गाठ लागते तेथेच सुई घालतात. सुई एकच, कारण निराळे, असा हा भेद आहे, आणि त्यावरून दोन्ही पक्षांत जगभर वाद होत आले आहेत. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने अॅक्युपंक्चरला स्वतंत्र कायदेशीर स्थान दिले, त्यामुळे सुई कोणी, कोणत्या शिक्षणावर आणि कोणत्या नावाने धरावी हा प्रश्न येथे केवळ शास्त्रीय राहिलेला नाही.

राहाता तालुक्यात ही विद्या पोहोचण्याची वाट मात्र उसाच्या शेतातून गेली. मुंबईत १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलिओची साथ आली, तिच्यातून उरलेल्या पंगू मुलांसाठी के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि प्रदीर्घ काळ हे शास्त्र शहरांपुरतेच राहिले. दरम्यान लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेला, आशियातील पहिला सहकारी मानला जाणारा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, आणि कारखान्याच्या पाठोपाठ शाळा, रुग्णालय, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा अशी मालिका उभी राहिली, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे फिजिओथेरपी महाविद्यालय त्याच परिवारातील आहे. पश्चिम महाराष्ट्रातील काही साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन कुस्ती जगवली हे सुपरिचित आहे. लोणीच्या कारखान्याच्या परिसरात त्याच साखरेच्या पैशाने दुखापतीचे शास्त्र गावाजवळ आले, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही, आणि ती सांगितली जायला हवी.

सुईचा आवाका किती, हे समजण्यासाठी दोन खेळाडूंच्या दुखापती उपयोगी पडतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे मुकले. तशा दुखापतीत सांध्यातील बंध किंवा कूर्चा फाटलेली असेल, तर कोणतीही सुई ती सांधू शकत नाही, फार तर भोवतीच्या आखडलेल्या स्नायूंना थोडी उसंत देऊ शकते. राहात्याच्या शेजारच्या श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीमागचा स्नायू दुखावून मैदानाबाहेर गेला. तेथे स्नायूतंतूच तुटलेले असतात, आणि ताज्या फाटीत सुई घालणे हा उपचार नव्हे. सुईचे खरे क्षेत्र या दोहोंच्या पलीकडे आहे: दुखापत भरून आली, तरी भोवतीचा स्नायू धास्तावल्यासारखा ताठ राहतो, हात पूर्ण वर जात नाही, पावलाची ढब बिघडते, तेथे ती कामास येते. आजवरच्या चाचण्यांचा एकत्रित विचार करता, थोड्या आठवड्यांपुरती वेदना तिने कमी होते असे म्हणण्यास आधार आहे. दीर्घकाळच्या लाभाचा आधार दुबळा आहे, आणि खेळाडू लवकर मैदानात परततो असे छातीठोकपणे सांगण्याइतका तो भक्कम नाही.

मूळ उपपत्तीवरही आक्षेप घेतले गेले आहेत. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन क्विंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिगर पॉइंटची संकल्पनाच तर्काला उतरत नाही असे प्रतिपादन केले, आणि दोन प्रशिक्षित तपासनीसांना एकाच रुग्णात एकच गाठ सापडेल याची खात्री नसते, हे इतर परीक्षणांतही दिसून आले. हा आक्षेप तालमीच्या बोटालाही लागू होतो. मात्र दोघांत एक फरक आहे: वस्तादाचे बोट चुकले तर त्वचेवर वळ उठे आणि सुई चुकली तर ती फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, कारण खांद्याच्या आणि बरगड्यांच्या भागात स्नायूचा थर पातळ असून त्याखाली फुप्फुसाचे टोक असते, तेथे छिद्र पडून छातीत हवा भरण्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. म्हणूनच चिमटीत स्नायू उचलून सुई बरगडीपासून दूर रोखण्याची रीत, रुग्णाची लेखी संमती, एकदाच वापरून टाकून देण्याची सुई आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयीची विचारणा या गोष्टी उपचाराइतक्याच महत्त्वाच्या मानाव्या लागतात.

उपचारानंतरच्या रीतीत मात्र जुने आणि नवे पुन्हा जवळ येतात. सुईने मिळणारी मोकळीक अल्पकाळ टिकते, म्हणून उपचारक खेळाडूला निजवून ठेवत नाही. तो त्याच बैठकीत मान वळवून, हात वर नेऊन, स्नायू ताणून पाहतो, कोन मोजून कागदावर लिहितो आणि पुढील दिवसांत क्रमाने भार वाढवतो. तालमीत कागद नव्हता, परंतु लचक भरलेल्या पठ्ठ्याला वस्ताद एकदम जोडीला लावत नसे. आधी दहा बैठका, मग पंचवीस, मग हलक्या गड्याबरोबर खडाखडी, आणि बैठक मारताना त्याचा एक गुडघा दुसऱ्याआधी उचलला जातो की काय हे पाहत तो हौदाच्या काठावर बसून राही.